मोजलेलं बोलायचं नसतं

त्या रविवारी माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. आईनं मागवलेली बामची बाटली आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. अर्जावर माझी सही झाली होती, तिच्याखाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. ती घ्यायला मी मंचरहून कळंबच्या जीपमध्ये बसले होते.

मी दिशा. बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष. गाव निमगाव सावा, पण वर्षातले सात-आठ महिने आमच्या घराला कुलूपच असतं, कारण आईबाप मेंढरांमागं. एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा निघाला की आमचा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं, कोंबड्या आणि सगळा पसारा, कळंबला भगवंतकाकांच्या रानात येऊन बसतो. मेंढरांना कांद्याची पात मिळते, त्यांच्या रानाला लेंडीखत मिळतं. माझ्या जन्माआधीपासूनचं हे चाललंय.

जीपमध्ये शेजारी एक पाव्हणे बसले होते. त्यांनी विचारलं, "काय शिकती गं बाय?"

"नर्सिंग."

"म्हंजी डॉक्टरकीला नंबर न्हाई लागला व्हय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. एरवी मी त्यांना असं काही सुनावलं असतं, की त्यांनी पुढच्या स्टॉपला उतरून घेतलं असतं. पण त्या दिवशी अंगात जोर नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, नंबर लागला नव्हता हे खरंच होतं. मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. नीटला मार्क कमी पडले, यादीत नाव आलं ते नर्सिंगच्या. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माणूस बी जनावरच की गं, जरा बोलकं." आणि मी गेले.

मला किळस कधी आली नाही. मेंढराच्या खुरातल्या अळ्या काढलेले हात माझे, बेडपॅनला काय घाबरतील? शंका दुसरीच होती. मेंढराशी बोलावं लागत नाही. बघायचं, ओळखायचं, करायचं. वॉर्डात सारखं बोलावं लागतं. रिपोर्ट द्या, विचारा, सांगा, परत सांगा. तुम्ही म्हणाल, या पोरीला बोलायला काय झालं? भांडणात माझं तोंड थांबत नाही, होस्टेलला विचारा. पण काहीतरी कमी पडलंय, चुकलंय असं दिसलं की माझं तोंड आपोआप मिटतं. ते असं का होतं हे मला गुरुवारपर्यंत कळलंच नव्हतं.

तर गुरुवारचं सांगते.

माझी ड्यूटी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात होती. पेशंट कोण, तर प्रयागआजी. भगवंतकाकांची आई. पोटात गाठ होती, ती काढायची होती. लहानपणी मेंढरं त्यांच्या रानात बसली की ही म्हातारी मला हाक मारून ओंजळभर शेंगा द्यायची, वर गुळाचा खडा. स्ट्रेचरवर तिनं मला ओळखलं. "आगं, दादाभाऊची दिशी ना तू?" म्हणाली आणि माझा हात असा घट्ट धरला की भूल चढेपर्यंत मी तो सोडवूनच घेऊ शकले नाही. सोडवायचा नव्हताही.

ओटीच्या इन्चार्ज वृषाली सिस्टर. आळे गावच्या. वीस वर्षं ओटीत काढलेली बाई, आवाज असा की मास्कमधूनही भिंतीला धडकतो. पोट उघडून ऑपरेशन करताना रक्त टिपायला रुमालाएवढे शिवलेले कापडाचे तुकडे वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. सुरुवातीला ते मोजून फळ्यावर लिहितात. पोट शिवण्याआधी परत मोजतात. न वापरलेले सिस्टरांजवळ, वापरलेले खाली हिरव्या कापडावर मांडलेले. दोन्हींची बेरीज फळ्यावरच्या आकड्याइतकी आली पाहिजे. नाही आली, तर उरलेला कुठं असेल ते सांगायला नको.

फळ्यावर होतं, मॉप दहा. वापरलेले मांडायचं काम माझं होतं. सोबतची स्टाफ सिस्टर गाठीची बरणी लॅबमध्ये द्यायला गेली होती.

"माझ्याकडं चार," वृषाली सिस्टर म्हणाल्या. "दिशा, तुझ्याकडं किती?"

मी कापडाकडं बघितलं. मोजायचीही गरज नव्हती. आमच्यात कुणी मोजत नाही, नुसतं बघितलं की कळतं. पाच होते. सहा पाहिजे होते. एक नव्हता.

आणि माझं तोंड मिटलं.

मी खाली वाकले. टेबलाखाली बघितलं, बादलीत बघितलं, स्टँडच्या मागं बघितलं. मेंढरू कमी दिसलं की आम्ही असंच करतो. बोलायचं नाही. गुपचूप मागं फिरायचं आणि हुडकून आणायचं.

"काउंट बरोबर?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात सुई होती.

मी टेबलाखाली गुडघ्यांवर. मला सगळं ऐकू येत होतं. डोक्यात आकडा स्पष्ट होता. ओठ उघडेनात.

"सर, थांबा," वृषाली सिस्टर म्हणाल्या. "आकडा ऐकल्याशिवाय शिवायचं नाही. दिशा! किती?"

मी उभी राहिले आणि पाच बोटं दाखवली. बोटं! जणू काही मी मुकी होते.

डॉक्टरांनी सुई ठेवली, हात घातला, आतड्यांच्या मागून तो बाहेर काढला. रक्तानं भिजून इतकासा झाला होता. शेंगा देणाऱ्या म्हातारीच्या पोटात तो राहिला असता.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत सिस्टरांनी मला जे झाडलं, ते मी जन्मात विसरणार नाही. "तुला मोजता येत नाही?"

"येतं."

"कमी आहे हे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? मी विचारलं नसतं तर? मी दमलेली असते, सर घाईत असते, तर? ती बाई पोटात फडकं घेऊन घरी गेली असती, आणि तुला माहीत असताना गेली असती!"

मला काय सांगायचं होतं? की आमच्यात मेंढरं मोठ्यानं मोजत नाहीत म्हणून? मलाच ते ऐकून हसू आलं असतं, इतकं खुळ्यासारखं होतं.  जाताना त्या म्हणाल्या, "सोमवारी आठ वाजता परत ओटी. उशीर करू नको."

मी तिथून सरळ ऑफिसात गेले आणि अर्जाचा कागद मागितला. क्लार्क म्हणाला, पालकांची सही घेऊन सोमवारी या. म्हणजे सोमवारी आठला एक तर ओटीत, नाही तर ऑफिसात. ज्या मुलीला माहीत असूनही बोलता येत नाही, तिनं माणसांच्या जिवाशी खेळू नये, असं माझं ठरलं होतं. हे काही रागानं ठरवलं नव्हतं. भीतीनं ठरवलं होतं.

कळंबला उतरून रानात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आईनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकली होती. मला बघून म्हणाली, "वाळली किती! ते मेसवालं काय घालत्यात का न्हाई?" आणि बामची बाटली बघून खूश झाली.

मी कागद काढणार, तेवढ्यात बांधावरून भगवंतकाका आले. हातात दुधाचा तांब्या. "आरं, आली का डॉक्टरीण!" म्हणाले. "दादाभाऊ, तुमची लेक लई गुणाची राव. आई आज बसून च्या प्याली. सारखं दिशाचं नाव. म्हणती, भूल देईस्तवर त्या पोरीनं हात सोडला न्हाई, म्हणून मी परत आले. लई उपकार झालं बाय तुझं."

 उपकार! मी दुधाच्या तांब्याकडं बघत बसले. काकांना वाटलं, पोरगी लाजली. ते हसत हसत घराकडं गेले.

ते गेल्यावर मी रडले. चांगली हमसून रडले. आई घाबरली. "काय झालं गं? कुणी काय बोललं का?"  आबा बांधाच्या सावलीला काठी आडवी टाकून बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं टाकला आणि सगळं सांगितलं. मॉप, चार, पाच, टेबलाखाली गुडघे, पाच बोटं, आतड्यांमागून निघालेला तो गोळा. आणि हेही सांगितलं, की तोंड का मिटलं ते आता मला कळलंय.

मी पहिलीत होते. शाळेत नुकतंच शंभरपर्यंत शिकवलं होतं. संध्याकाळी मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीत शिरताना मी तोंडाशी उभी राहून मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, अशी ऐटीत बावन्नपर्यंत गेले. आबांनी येऊन फाडकन थोबाडीत दिली. आयुष्यात त्यांनी मला मारलं ते तेवढंच. आकडा तोंडातून बाहेर गेला की नजर लागते, कळप कमी होतो, असं आमच्या घरात राघूबाबांपासून, म्हणजे माझ्या आजोबांपासून चालत आलंय. कुणी विचारलं किती मेंढरं, तर "हायती तुमच्या आशीर्वादानं" एवढंच म्हणायचं. आणि माझं नशीब असं, की त्याच आठवड्यात गारा पडल्या आणि चार कोकरं मेली. कुणी म्हणालं नाही की तुझ्यामुळं. पण कुणी असंही म्हणालं नाही की तुझ्यामुळं नाही.

"त्याच्यानंतर मी कधी मोजलं न्हाई, आबा," मी म्हणाले. "आता सही करा."

आबांनी कागद उचलला. आडवा धरला, उभा धरला. चौथी शिकलेत, वाचता येतं त्यांना. वाचून झाल्यावर त्यांनी त्याची चार घड्यांची पुडी केली आणि बंडीच्या खिशात घातली.

"पेन देऊ का?" मी विचारलं.

"मेंढरं आत घ्यायची येळ झाली," ते म्हणाले आणि उठले.

माझं डोकंच फिरलं. इथं माझं आयुष्य टांगलंय आणि यांना मेंढरं दिसतायत! पण बिबट्याचा धाक आहे, दिवस बुडायच्या आत मेंढरं जाळीत गेलीच पाहिजेत, हे मलाही कळतं. मी फणफणत मागं गेले.

आई जाळीचं तोंड धरून उभी राहिली. आबा नेहमीच्या जागी उभे राहिले. नेहमी ते नुसते बघतात. मेंढरं समोरून जातात आणि शेवटचं आत गेलं की ते मान हलवतात. पहिली मेंढी आत शिरली आणि आबा ओरडले, "लाभ!"

खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. तसं. पण मेंढरांना? आईच्या हातातून जाळीच सुटली. "अवं! काय करताय काय!"

"तू जाळी धर. दोन! तीन! चार!"

"येड लागलं का तुमाला? देवा रे!"

"पाच! सा!"

आबांचा आवाज कापत होता. कपाळावर घाम आला होता. बिबट्यासमोर काठी घेऊन उभा राहिलेला माणूस, पण त्या प्रत्येक आकड्याला त्यांची मान अशी आखडत होती की जणू कुणीतरी आता डोक्यात टोला घालणार आहे. मला बघवेना. मी म्हणाले, "आबा, राहू द्या." त्यांनी हातानंच मला गप केलं. वीस झाले, तीस झाले. अडतीसला ते थांबले. मेंढरू जाळीच्या तोंडात उभं.

"अडतीस," ते परत म्हणाले. "पुढं काय गं?"

"आं?"

"अडतीसच्या पुढं काय? मेंढरू खोळंबलंय, सांग की लवकर!"

"एकोणचाळीस," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"एकोणचाळीस!"

"पुढं?"

"चाळीस! एक्केचाळीस!"

आबांनी मोजणं सोडलं. मी एकटीच मोजत होते.  बावन्नला आवाज फुटेना, तिथं मला थोबाडीत बसली होती. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हण," ते हळूच म्हणाले. "गारा काय तुझं ऐकून पडल्या व्हत्या व्हय? गारा पडायच्या त्या पडल्या. म्या तवाच सांगाय पायजे व्हतं. माझंच तोंड मिटलं."

तेरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं.

"बावन्न!" मी ओरडले. "त्रेपन्न! चोपन्न!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी आकडा चुकला नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं तेव्हा झाले त्रेसष्ट.

"किती पायजेत?" आबांनी विचारलं.

आमच्या कळपाचा आकडा मला कुणी कधी सांगितला नव्हता. पण बघून बघून माहीत होता. "चौसष्ट."

"मंग?"

"एक कमी हाय."

"माझ्या कानात नको. त्या घरापत्तोर जाऊ दे."

मी दोन्ही हात तोंडाशी धरून बोंब ठोकली, "एक कमी हाय! एक मेंढरू कमी हाय!"

भगवंतकाका घरातून पळतच बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?" मेंढी हरवली कळल्यावर कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं तिच्या! मघाधरनं कांद्याच्या चाळीत काय तरी वरडतंय. मला वाटलं आमचीच शेळी गुतली." आम्ही तिघं धावलो. कांदा साठवायच्या चाळीच्या पट्ट्यांमध्ये आमच्या भुरकी मेंढीची मान अडकली होती. आत कांद्याला तोंड घालायला गेली आणि फसली. जीभ बाहेर आली होती. काकांनी पट्टी वाकवली, आबांनी कान धरून मान तिरकी केली, मी मागून अंग उचललं, आणि सुटली. उभी राहिली, अंग झटकलं, आणि काही झालंच नाही अशी चालायला लागली.

परत येताना आबा म्हणाले, "भुरकी न्हाई, हे मला पयल्याच नजरंला कळलं व्हतं. पर मी गप बसून नदीकडं हुडकाय गेलो असतो. भगवंतरावाला ठावं व्हतं, त्याला कोण इचारणार?" मग थोडं चालून म्हणाले, "त्या सिस्टरबाईला माझा रामराम सांग. तिनं इचारलं म्हणून म्हातारी वाचली."

"आणि सही?"

"उद्या जाऊन ये. मोठ्यानं बोल. मंगळवारी बी सोडायचंच म्हणलीस तर करतो सही. कागद हितंच हाय." त्यांनी बंडीच्या खिशावर थाप मारली.

आईनं मात्र कळपावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग माझ्यावरून ओवाळल्या. मग थोडा विचार करून आबांवरूनही ओवाळल्या.

आणि एक सांगायचं राहिलं. आबा चौथी पास आहेत. लोकर विकताना गोण्या मोजतात, तेव्हा अडतीसच्या पुढं त्यांना एकोणचाळीस बरोबर येतं. हे मला मंचरच्या जीपमध्ये बसल्यावर आठवलं. जीपमध्येच मला परत रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "सासरी चालली का गं?" मी म्हणाले, "न्हाई ओ मावशी, ड्यूटीला चालले."

सोमवारी साडेसातलाच मी वृषाली सिस्टरांपुढं उभी राहिले. मेंढरं मोजण्याचं, थोबाडीत बसल्याचं, सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे गुरुवारीच सांगायला तोंड नव्हतं?" मग म्हणाल्या, "तुला न मोजता कळलं ना, एक कमी आहे? मला वीस वर्षांनी कळायला लागलं. ते मी कुणाला शिकवू शकत नाही. ओरडायला मात्र शिकवीन. त्यात माझा हात कुणी धरत नाही."

"प्रयागआजींना सांगू का, ते माझ्यामुळं..."

"सरांनी त्यांना काल रात्रीच्या राउंडला सगळं सांगितलंय. इथं काही लपवत नसतात. तुझं तू सांग जा. पाच मिनिटं."

प्रयागआजी खाटेवर टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. त्या दोन मिनिटांत मी अर्ज मनातल्या मनात दहा वेळा भरला.

"राघूच्या नातीला मोजाय लावलं व्हय यांनी!" ती शेवटी म्हणाली. "आगं, तुझ्या आबाला मी पंचवीस वरसं इचारती, दादाभाऊ, मेंढरं किती? एकदा सांगितलं न्हाई मेल्यानं. तू पाच बोटं तरी दाखवलीस." मग माझा हात धरला, परत तसाच घट्ट. "पर आता बोलत जा बाय. सगळ्याच म्हाताऱ्यांना वृषालीबाय भेटंल असं न्हाई."

मी तिच्या पाया पडले. नर्सनं पेशंटच्या पाया पडायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी पडले.

त्या दिवशी ओटीत अपेंडिक्स होतं. पोट शिवायची वेळ आली. फळ्यावर दहा. वृषाली सिस्टरांनी माझ्याकडं न बघताच म्हटलं, "माझ्याकडं तीन. तुझ्याकडं? मोजून दाखव."

मी पहिल्या मॉपवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

सगळी ओटी माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरांच्या भुवया टोपीत गेल्या. माझे कान तापले.  "आमचे वडील खळ्यावर असंच म्हणायचे," वृषाली सिस्टर म्हणाल्या. "पण इथं एक म्हणायचं. परत."

"एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! सात!" बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सफाईचे मामा फरशी पुसत होते, ते दारातून डोकावले. "सात सिस्टर! तीन आणि सात, दहा!"

"ऐकू आलं," सिस्टर म्हणाल्या. "सर, शिवा."

 मी खूश होते, इतकी की मास्कच्या आत हसत होते. नुसते मार्क कमी पडले म्हणून मी इथं आले, असं मी दोन वर्षं म्हणत होते. त्या घटकेला वाटलं, इथं आणायला किती जणांनी हात लावलाय. म्हातारी, सिस्टर, घाम गाळत आकडे म्हणणारा माझा बाप. मी कुणाचे आभार मानू आणि कुणाचे नको, असं झालं.

मंगळवारी सही मागायला मी गेले नाही. सोमवारी संध्याकाळीच आबांना फोन केला. मागून मेंढरांचा आवाज येत होता, जाळीत घ्यायची वेळ होती.

"किती?" आबांनी विचारलं. हॅलो नाही, बरी आहेस का नाही, काही नाही.

"दहाच्या दहा," मी म्हणाले.

  तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मागून आईचं "अवं, नका ना" ऐकू आलं.

"हितं बी चौसष्ट," आबा म्हणाले.